बोटीवरची वाटभेट

इमाबारी, ९ सप्टेंबर २०१२

ताई,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, पण तू त्या वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येते. कोतोहा बोलली. 'हं' आणि 'नको' यांच्या पलीकडचं, अख्खं वाक्य बोलली.

फेब्रुवारीत शाळा सुटली तिची, म्हणजे सात महिने झाले. तू दर पत्रात विचारतेस की नेमकं झालं काय, आणि मी दर वेळी तेच सांगते: काही झालं नाही. कोणी मारलं नाही, कोणी चिडवलं नाही. छत्तीस मुलांचा वर्ग आहे, आणि दहा वर्षांच्या माझ्या मुलीला एका सकाळी त्या वर्गात पाऊल टाकता येईना. एवढंच. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. हे सप्पोरोहून फोनवर म्हणतात, वाट बघू. बदली झालेल्या नवऱ्याला तिकडे एकट्याने राहून वाट बघणं सोपं जातं. मी इथे बंद दारासमोर ताट ठेवून कामाला जाते आणि परत येऊन अर्धं भरलेलं ताट उचलते.

तर परवा सकाळी मी निघाले होते, तेवढ्यात दार उघडलं आणि ती म्हणाली, "आई, हे तुझ्या पिशवीत घेऊन जाशील? उघडू नकोस. बंदही करू नकोस. नुसतं असू दे."

'हे' म्हणजे तिची ती हातात धरून खेळायची गेमची डबी. गेल्या वाढदिवसाला मीच घेऊन दिली होती, तेव्हा दुकानातल्या मुलीने मला समजावलं होतं की ही घरच्यांसाठीची आहे, मारामारीची नाही. त्या डबीत म्हणे एक सोय आहे. मिटून पिशवीत ठेवली तरी ती जागी असते. रस्त्यात कोणाच्या पिशवीत तसलीच डबी असली आणि दोघं पाच-दहा पावलांवरून गेले, की एकाच्या डबीतलं बाहुलं दुसऱ्याच्या डबीत पाहुणं जातं, दोन शब्दांचा निरोप घेऊन. कोतोहा तिला 'वाटभेट' म्हणते. पण वाटेवर गेल्याशिवाय वाटभेट व्हायची कशी? म्हणून मी.

ताई, शाळेत न जाणाऱ्या मुलीचा खेळ मी कामावर वाहून नेते आहे, हे शाळेच्या बाईंना कळलं तर काय म्हणतील? पण सात महिन्यांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मला नाही म्हणवलं नाही.

तुझी,
कनाए


अकिता, १८ सप्टेंबर

कनाए,

फोन कर म्हणून लिहिलं नाहीस हे बरं केलंस. मी पहाटे तीनला दुकानातल्या टोफूसाठी सोयाबीन वाटायला उठते आणि संध्याकाळी सातला आडवी होते, तेव्हा तुझं रडं ऐकायला माझ्याकडे पत्राइतकाच वेळ आहे.

आता ऐक. तू हमाल झालीस. दहा वर्षांची पोर राणीसारखी खोलीत बसणार, आणि तू तिच्या बाहुल्याला हवा खायला घेऊन फिरणार! उद्या म्हणेल, आई, माझ्याऐवजी तूच शाळेत जाऊन बस. जाशील?

मला माहीत आहे मी दुष्ट वाटते. आई गेल्यावर तुला वाढवलं मी, तेव्हा दुष्ट वाटायचा हक्क आहे मला. पोरांचं असं असतं, की बोट दिलं तर खांदा धरतात. डबी कपाटात ठेव, कुलूप लाव. चार दिवस रडेल आणि पाचव्या दिवशी कंटाळून बाहेर येईल. मी माझ्या शुहेईचं हेच खूळ एका दिवसात उतरवलं होतं. त्याची ती करडी डबी, आठवते? त्यानंतर पोरगं शहाण्यासारखं अभ्यासाला लागलं आणि आज ओसाकाला इंजिनियर आहे.

वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं वेगळ्या खोक्यात पाठवते आहे. कोतोहाला आवडतं.

फुसाए


इमाबारी, २८ ऑक्टोबर

ताई,

लोणचं तिने दोन दिवसांत संपवलं. तुझा सल्ला मात्र मी मानला नाही, आणि आता एक भलतंच प्रकरण उभं राहिलं आहे.

आधी चांगलं सांगते. संध्याकाळी साडेसहाला मी दार उघडते तर ती पायरीशी बसलेली असते. माझ्यासाठी नाही, माझ्या पिशवीसाठी, पण बसलेली असते. डबी घेते, तिथेच उघडते आणि मला सांगते, "आज एकच आलं." किंवा, "आज दोन!" मग आम्ही एकत्र जेवतो. पाहुण्याने आणलेला तुकडा देवमाशाच्या चित्रात लावायचा असतो, तो कुठे बसवावा यावर ती माझं मत घेते. माझं चुकतं, त्यावर ती नाकातून हसते. ताई, ते नाकातलं हसू मी विसरूनच गेले होते.

आता भलतं. माझी वाट तुला ठाऊक आहे. सात दहाची बोट, पंचवीस मिनिटांत हानेजिमा बेट, तिथे वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर, संध्याकाळी परत. बोटीवर रोजची तीच वीस-बावीस माणसं. साडेतीनशे वस्तीचं बेट, आणि त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे. अशा बोटीवर गेमची डबी कोणाच्या खिशात असणार? पण कोणाच्या तरी आहे. रोज सकाळी एकच बाहुलं येतं. टकलू, जाड मिशांचं, म्हाताऱ्या बाप्याचं. भेटींचा आकडा त्याच्या डोक्यावर दिसतो. एकतीस.

पहिल्यांदा निरोप होता, 'आज पण तूच! बरं वाटतं.' आम्ही दोघी हसलो. नंतर आला, 'इथे दुसरं कोणीच नाही.' आणि या आठवड्यात, 'शाळा आवडते का?'

मिशांचा म्हातारा माझ्या मुलीला विचारतो, शाळा आवडते का! कोतोहाला विचारलं तर म्हणाली, "चांगला आहे तो," आणि डबी मिटली.

बोटीवर टकलू, मिशांचा माणूस एकच आहे. होजोसाहेब, समुद्रशेवाळाचे व्यापारी. काखेत चामड्याची पिशवी, ती कधी खाली ठेवत नाहीत. मी त्यांच्यासमोरच्या बाकावर बसून त्यांच्याकडे टक लावून बघते. परवा धीर करून विचारलंसुद्धा, "तुम्हाला मुलं आहेत का हो?" ते लाल झाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. तूच सांग, निर्मळ मनाचा माणूस लाल होईल का?

कनाए


अकिता, ३ नोव्हेंबर

कनाए,

हे पत्र मिळताक्षणी ती डबी बंद कर. कपाट नको, पोरांना कपाटं उघडता येतात. तांदळाच्या डब्यात तळाशी पूर. आणि त्या मिशीवाल्यापासून चार बाकं दूर बस. पोलिसांत सांगायचं की नाही ते भावोजींना विचार. सप्पोरोहून निदान तेवढं तरी करतील.

मी म्हणाले नव्हते का! ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद दाराच्या फटीतून हात बाहेर काढणं. कोण धरेल सांगता येतं का?

मन घट्ट कर. रडली तर रडू दे.

फुसाए


इमाबारी, २५ नोव्हेंबर

ताई,

पुरली. तांदळात, तळाशी. कोतोहाला सांगितलं की दुरुस्तीला दिली आहे.

ती रडली नाही. तू म्हणालीस चार दिवस रडेल, पण एक अश्रू नाही. "बरं," म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मी आले तर पायरीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. आता पंधरा दिवस झाले. ताट पुन्हा दाराशी ठेवते आणि पुन्हा अर्धंच भरलेलं उचलते. आधी सात महिने असंच होतं, पण तेव्हा मला ते सहन होत होतं. मधल्या दोन महिन्यांत सवय मोडली.

मी स्वतःला समजावते की तिचं भलं केलं. होजोसाहेब आता मला पाहून लांबूनच वाकून नमस्कार करतात आणि शेवाळाची पाकिटं देऊ करतात. मी घेत नाही.

काल दाराच्या फटीतून एक चिठ्ठी बाहेर आली होती. शाळेच्या वहीचा कागद. वर लिहिलं होतं, 'कोणीतरी वाट बघत असेल.' मी दाराबाहेरून विचारलं, "कोण गं? कोण वाट बघतंय?" मी तिथेच बसून राहिले. मग लक्षात आलं की रोज तांदूळ काढताना माझा हात त्या डबीला लागतो, आणि रोज मी चोरासारखी तो मागे घेते.

ताई, मी बरोबर केलं ना?

कनाए


अकिता, ३० नोव्हेंबर

कनाए,

डबी बाहेर काढ. आज. आत्ता. पत्र पूर्ण वाचायच्या आधी जा आणि काढ, मग पुढचं वाच.

काढलीस? आता ऐक, आणि मला मध्ये तोडू नकोस. पत्रात तोडता येत नाही, म्हणून तर लिहिते आहे.

शुहेईचं खूळ मी एका दिवसात उतरवलं असं मी जगाला सांगत आले. कसं ते कोणालाच सांगितलं नाही. तो बारा वर्षांचा होता. मी तिसऱ्यांदा हाक मारली तरी त्याने मान वर केली नाही, तेव्हा मी ती डबी हातातून ओढली आणि सोयाबीन भिजवायच्या टाकीत टाकली. त्याने बाही वर न करता हात घालून ती बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि टाकीशेजारी ठेवली. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, शहाणा झाला.

तो शहाणा झाला नाही, कनाए. त्याने मला सांगणं बंद केलं. शाळेतलं नाही, मित्रांचं नाही, नोकरी लागली तेही मला त्याच्या बापाकडून कळलं. नववर्षाला छापील कार्ड येतं, खाली हाताने लिहिलेलं 'तब्येत सांभाळ'. लोक विचारतात शुहेई का येत नाही, मी म्हणते कामात असतो. सोळा वर्षं कामात आहे माझा मुलगा.

तुझ्या पोरीने चिठ्ठी दिली. अजून तुझ्याकडे चिठ्ठी येते आहे. खोटं बोललीस तेही सांगून टाक, दुरुस्तीला वगैरे नव्हती म्हणून. आणि मिशीवाल्याचं भय खरं असेल तर ते तू तिच्याबरोबर बसून बघ, तिच्यापासून लपवून नको.

माझं ऐकलंस ही माझी चूक.

फुसाए


इमाबारी, २७ जानेवारी २०१३

ताई,

नववर्षाच्या कार्डावर मी फक्त 'सगळं ठीक' लिहिलं होतं, कारण सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. आता आहे, आणि इतकं आहे की कुठून सुरू करू कळत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डबी काढली. फटींमध्ये तांदळाचे दाणे अडकले होते, ते टाचणीने काढत मी कोतोहाच्या दारापाशी बसले आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले, घाबरले, मिशांना घाबरले. दार थोडं उघडलं. ती म्हणाली, "तांदळात? खरंच?" आणि नाकातून हसली. मग म्हणाली, "उद्या नेशील ना?"

नेली. संध्याकाळी मिशीवाला आला. डोक्यावर एकेचाळीस, आणि निरोप, 'कुठे होतीस इतके दिवस?' तू सांगितलंस तसं शेजारी बसून बघितलं. कोतोहाने किती वेळ विचार करून आपला निरोप बदलला. मला दाखवला. 'आई तांदूळ धुवत होती.' पुढचे कितीतरी दिवस ते दोघं तांदळावरूनच बोलत होते.

मग नववर्षानंतर आमची बोट तपासणीसाठी गोदीत गेली. दरवर्षी जाते, दहा दिवस. त्या काळात भाड्याची बोट येते, तिचे खलाशी वेगळे. प्रवासी आम्ही तेच. होजोसाहेब समोरच बसलेले, काखेत पिशवी. आणि दहाही दिवस डबीत कोणी आलं नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ताई! तीन महिने त्या भल्या माणसाला मी डोळ्यांनी भाजत होते.

अकराव्या दिवशी आमची बोट परत आली. संध्याकाळी कोतोहाने डबी उघडली तर मिशीवाला उभा, 'आमची बोट सुंदर रंगवलीय!' आमची बोट. दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर उतरले नाही. सगळे उतरून गेले आणि उरले इवामात्सुकाका, दोर टाकणारे, फळी लावणारे. चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ते मला "सांभाळून, पाय घसरेल" म्हणतात. टोपी कानापर्यंत, तोंडावर कायम पांढरा मास्क.

मी म्हटलं, "काका, तुमच्या खिशात एखादी डबी आहे का?"

ते दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडे पण आहे."

त्यांनी रेनकोटच्या आतल्या खिशातून लाल जरीच्या कापडाची शिवलेली पिशवी काढली. तिला गाठ मारलेली, आणि सोबत देवळातला समुद्राचा ताईत बांधलेला. दोन्ही हातांवर ठेवून मला दाखवली, देवघरातली वस्तू दाखवतात तशी. म्हणाले, "नातीने दिलाय. तिची आई कोबेला कामाला असते, पोर माझ्याकडे. म्हणाली, आजोबा, रोज जवळ ठेवा, उघडायचा नाही, भिजवायचा नाही. ताईत उघडला की त्याचा गुण जातो, हे आपल्याला माहीतच आहे. मी दीड वर्षात एकदाही उघडला नाही बघा."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ती मागून घेते आणि खोलीत बसून प्रार्थना करते. तासतासभर! एवढ्याशा पोरीची केवढी श्रद्धा."

ताई, मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. मी पिशवीतून कोतोहाची डबी काढून दाखवली. त्यांनी खूप वेळ बघितली. "खेळ?" म्हणाले. "मग सप्टेंबरच्या वादळात मला सांभाळलं कोणी?" मी म्हटलं, "शेजारच्या खऱ्या ताईताने." मिशीवाल्या बाहुल्याला मी किती घाबरले तेही सांगितलं, तेव्हा त्यांनी माफी मागायची म्हणून टोपी काढली आणि मास्क खाली केला. गुळगुळीत टक्कल, जाड मिशा. पोरीने आजोबांचंच बाहुलं केलं होतं. आणि मी चार वर्षांत त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं!

नातीचं नाव नागिसा. अकरा वर्षांची. हानेजिमाच्या शाळेत ती एकटीच आहे. अख्ख्या शाळेत एक विद्यार्थिनी. 'इथे दुसरं कोणीच नाही' याचा अर्थ एवढाच होता.

मी धावत घरी येऊन सांगितलं, तर कोतोहा म्हणाली, "माहितीय."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. मोठी माणसं शाळेबद्दल असं नाही विचारत. ती विचारतात, शाळेत का जात नाहीस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू लगेच आनंदी झाली असतीस. मग बाईंना फोन केला असतास, डॉक्टरांना सांगितलं असतंस. मला ते नुसतं पिशवीत असू द्यायचं होतं."

खरंच केला असता मी फोन.

कनाए


अकिता, ४ फेब्रुवारी

कनाए,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि इतकी हसले की गिऱ्हाइकाचा टोफू हातातून निसटला. बाई म्हणाल्या, काही वाईट बातमी? मी म्हटलं, नाही हो, ताईत फुटला.

होजोसाहेबांची माफी मागितलीस का? की त्या बिचाऱ्याला अजून वाटतंय की स्वयंपाकीणबाई आपल्यावर भाळल्या आहेत? शेवाळाची पाकिटं फुकट देणारा व्यापारी मी अजून पाहिला नाही. बघ बाई, भावोजी सप्पोरोला आहेत.

आता एक गोष्ट नीट ऐक. तुझ्या मनात काय चाललंय ते मला इथून दिसतं. बेटावर शाळा आहे, तू रोज तिथे जातेस, बोट तीच, आणि शाळेत एकच मुलगी. तू रात्रंदिवस हेच घोळवत असशील. तोंडातून काढू नकोस. एक अक्षरही नको. पोर म्हणाली ना, आनंदी होऊ नकोस म्हणून? तर होऊ नकोस. निदान दाखवू नकोस. ओठ शिवून घे.

मी शुहेईला पत्र लिहिलं. टाकीबद्दल. पाच वेळा फाडलं, सहाव्यांदा टाकलं. उत्तर नाही. येईल असं म्हणवत नाही.

फुसाए


इमाबारी, १० मार्च

ताई,

ओठ पाच आठवडे शिवून ठेवले. तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून ह्यांना फोन करून विचार. त्यांच्यासमोर बडबडून मी माझी भूक भागवली.

काल जेवताना कोतोहाने विचारलं, "त्या शाळेत बाहेरची मुलं घेतात का?"

मी भातात बघत म्हटलं, "घेतात वाटतं."

"वर्गात किती जणी होतील?"

"दोन."

ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "दोन चालतील. जमलं नाही तर परत येईन."

"ये," मी म्हटलं. एवढंच म्हटलं, ताई! मग भांडी घासायला उठले आणि नळ पूर्ण सोडून त्याच्या आवाजात तोंड दाबून रडले. नगरपालिकेचा अर्ज आज सकाळीच देऊन आले. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं, ती पाचवीत आणि नागिसा सहावीत, एकाच खोलीत.

होजोसाहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "हरकत नाही." आणि मग जरा खट्टू होऊन, "म्हणजे नुसतं डबीसाठीच बघत होतात?" शेवाळाची दहा पाकिटं तुला पाठवते आहे, माझ्याने संपत नाहीत.

शुहेईचं काही?

कनाए


अकिता, १ एप्रिल

कनाए,

आला होता.

न कळवता आला, बर्फातून, पायात शहरी बूट घालून. मी सोयाबीनच्या टाकीशी होते. दोघंही त्या टाकीकडे बघत उभे राहिलो. मी म्हटलं, "पत्र मिळालं?" तो म्हणाला, "मिळालं. आठवतं मला ते. राग होता, एखादं वर्ष."

"मग सोळा वर्षं का नाही आलास?"

तो म्हणाला, "तू कधी ये म्हणालीच नाहीस, आई. फोन केला की म्हणायचीस, कामात असशील."

कनाए, मी त्याला मोकळीक देत होते असं मला वाटत होतं. आणि त्याला वाटत होतं, आईला मी नको आहे. दोन्हीकडे एवढी शहाणी माणसं! तो तीन दिवस राहिला. मला तसली एक डबी देऊन गेला आहे, भाज्या कापायचा खेळ आहे तिच्यात. खऱ्या आयुष्यात पन्नास वर्षं टोफू कापते आहे, आणि त्या डबीने मला दहापैकी तीन गुण दिले.

जाताना मी बसथांब्यावर ओरडून म्हटलं, "मे महिन्यात ये!" लोक बघायला लागले. बघू देत.

कोतोहाच्या पहिल्या दिवसाचं सविस्तर लिही. ऋतूचंही लिही हवं तर, या वेळी वाचेन.

फुसाए


इमाबारी, २६ एप्रिल

ताई,

चेरीचा बहर संपला, संत्र्याची फुलं अजून उमलायची आहेत. झालं ऋतूचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, दोघी धक्क्यावर एकमेकींच्या गळ्यात पडतील. कसलं काय! नागिसा आजोबांच्या मागे लपली, कोतोहा माझ्या मागे. मी आणि इवामात्सुकाकांनी चार वेळा वाकून नमस्कार केला, आणि दर वेळी मागून दोन डोकी दिसत आणि पुन्हा लपत. शेवटी शाळेच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "चला, हजेरी घ्यायची आहे." दोघी तीन हातांचं अंतर ठेवून टेकडी चढल्या. मी स्वयंपाकघरात दिवसभर कांद्याऐवजी बोट कापत होते. संध्याकाळी बोटीवर विचारलं, "कसं होतं?" म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशीही "बरं." तीन आठवडे रोज गेली, रोज "बरं." मी तेवढ्यावर समाधानी होते. खरं सांगायचं तर समाधानी नव्हते, घाबरलेली होते. इतक्या जपून, इतक्या सभ्यपणे चाललेलं केव्हा तुटेल याची धास्ती होती. 'जमलं नाही तर परत येईन' हे तिचं वाक्य मी रोज त्या फळीवरून उतरताना ऐकत होते.

काल संध्याकाळी ती बोटीवर आली तीच पाय आपटत. चेहरा लाल. मनात म्हटलं, झालं, संपलं.

"आई, ती घंटा तिची आहे का?"

"कुठली घंटा?"

"शाळेची! दोरीची! तास संपला की वाजवायची. मी आज वाजवली तर नागिसा म्हणते, ती मी वाजवते. सशाला गवत मी घालते. झेंडा मी चढवते. फळा मी पुसते. सगळं हीच! मी म्हटलं, आता दोघी आहोत. तर म्हणते, इतके दिवस मी एकटीने केलंय. मी म्हटलं, मग एकटीनेच राहा! तर ती रडली. मग मी पण रडले. बाई नुसत्या बघत होत्या, काही बोलल्याच नाहीत. आणि आई, ती ना, दोरीउड्यांमध्ये मोजतानाही लबाडी करते, तेहतीसनंतर थेट पस्तीस..."

पंचवीस मिनिटांच्या प्रवासात ती थांबली नाही. धक्क्यापासून घरापर्यंत थांबली नाही. जेवताना तोंडात घास असताना थांबली नाही. फळीपाशी इवामात्सुकाकांनी मला हळूच विचारलं होतं, "तुमची पण?" मी मान हलवली. ते म्हणाले, "आमची दुपारभर पाय आपटतेय," आणि मास्कच्या आत हसले. मी तांदूळ धुवायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी होते. ताई, माझी मुलगी भांडली! चौदा महिने जिला कशाचंच काही वाटत नव्हतं, तिला एका घंटेचा इतका राग आला की तिला ताटातलं काय खाते आहे याचंही भान नव्हतं. ताट रिकामं झालं. पुन्हा वाढून घेतलं.

पण झोपताना ती गप्प झाली, आणि मला पुन्हा धाकधूक लागली. उद्या उठेल का? दार उघडेल का? मी गजर लावला आणि ठरवलं की हाक एकदाच मारायची, दुसऱ्यांदा नाही.

हाक मारावीच लागली नाही. आज सकाळी मी डबा भरत होते तर ती दप्तर पाठीला लावून, बूट घालून दारात उभी. अजून बोटीला चाळीस मिनिटं होती.

"आई, चल ना लवकर," म्हणाली. "मला तिला अजून खूप काही सांगायचंय."

कनाए